तळ्यातला वखर

तळ्याला आग लागली तेव्हा तळ्यात पाणी नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. खामगावला माहेरी मी हे सांगायला घेतलं की पहिल्याच वाक्याला सगळे हसतात आणि पुढचं कुणी ऐकत नाही.

बीबी नावाच्या गावाच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला जुनं, उथळ तळं. उन्हाळ्यात पाणी आटतं, पण वरच्या सालीखाली गाळ ओला राहतो आणि त्या गाळात पाणकणीस उभं असतं, माणसाच्या डोक्यावर जाईल इतकं. पट्ट्यांसारखी लांब पानं आणि शेंड्याला तपकिरी, मखमली कणसं. दिवाळी झाली की शकूरचाचा ही पानं कापतात, वाळवतात, आणि शाहजादीचाची त्यांच्या चटया विणतात. आमच्या भागात ज्या गच्चीवर कुरडया वाळत असतात त्या गच्चीवर चाचींची चटई असते. प्लास्टिकवर कुरडईला खालून घाम सुटतो, चटईवर नाही, असं माझ्या सासूबाई तानुबाई म्हणतात, आणि कुरडईच्या बाबतीत त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही.

माझे सासरे शेषराव, मी त्यांना मामाजी म्हणते, दरवर्षी होळीच्या मागंपुढं धुरा पेटवतात. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावरचं वाळलेलं गवत जाळलं की पेरणीला शेत मोकळं होतं. सगळेच पेटवतात. रीत अशी की एकानं काडी लावायची आणि दुसऱ्यानं निंबाचा हिरवा डहाळा घेऊन उभं राहायचं, आग भलतीकडं वळली तर झोडपायला. आमच्या धुऱ्यावर डहाळा धरणारे शकूरचाचा. दोघं पहिलीपासूनचे दोस्त. त्या दिवशी त्यांचा वाद चालला होता की तळं शेवटचं ठणठणीत कोरडं कधी पडलं. मामाजी म्हणत होते, मोठ्या दुष्काळात. चाचा म्हणत होते, त्याच्या पुढच्या साली. वाद रंगात आला तेव्हा वारा फिरला. तो फिरला हे कळलं तेव्हा धुऱ्यावर जाळायला काही उरलं नव्हतं आणि आग तळ्यात उतरली होती.

वाळलेलं पाणकणीस कसं जळतं ते मी गच्चीवरून पाहिलं. माझी लेक चिमी माझ्या कडेवर होती. तिला ते फार आवडलं. टाळ्या वाजवत होती. मी तिचे हात धरून ठेवले, कारण खाली गल्लीतून शाहजादीचाची तिकडंच बघत उभ्या होत्या.

नंतर धुऱ्यावर दोघांचं जे बोलणं झालं ते अख्ख्या गावानं ऐकलं.

"काडी कोनं लावली?"

"डहाळा कोनाच्या हातात होता बे?"

"धुरा तुहा, काडी तुही, आन् जळलं माह्यं तळं."

"तुह्यं तळं कधीपासून झालं? गावाचं हाय."

इथं मामाजी चुकले. तळं गावाचं होतं हे खरंच होतं, पण त्या वेळी ते बोलायचं नव्हतं. शकूरचाचांनी डहाळा खाली ठेवला, टाकला नाही, ठेवला, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी गावात कळलं की दिवाळीपर्यंत कणसं पुन्हा उभी राहिली नाहीत तर चाचा-चाची घर बंद करून मुलाकडं, सकलैनकडं, जालन्याला कायमचे जाणार. सकलैन तिथं कारखान्यात आहे. तिसऱ्या मजल्यावर राहतो.

आमच्या ओट्यावर रोज दुपारी दोन कप चहा जायचा. त्या दिवसापासून चाचा आले नाहीत. मी एकच कप नेला तर मामाजी म्हणाले, "दुसरा कुठी हाय?" मी दुसरा आणला. त्यांनी एक प्यायला, थोडा वेळ गल्लीकडं पाहिलं, मग दुसराही प्यायला. डॉक्टरांनी त्यांना साखर कमी करायला सांगितली होती. उन्हाळाभर हे चाललं. मी दुसऱ्या कपात साखर घालायची बंद केली. त्यांच्या लक्षात आलं नाही.

"तुमीच जा ना त्याईच्याकडं," सासूबाई म्हणायच्या.

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"हायेच कोणतं दुसरं?"

आमचे हे खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. शनिवारी येतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, मोठ्या माणसांच्या मधात आपण पडू नये, आणि जेवून झोपले.

एका सकाळी मामाजींनी मला विचारलं, "सुचिता, तू बीएस्सी ना?"

"दुसऱ्या वर्षापर्यंत."

"पुरे हाय. जळालेलं येते का पुन्हा?"

आम्ही तळ्यात उतरलो. मी, मामाजी आणि माझ्या पाठीला ओढणीनं बांधलेली चिमी. जमीन काळीठिक्कर होती आणि पायाखाली राख चुरचुरत होती. मी खुरप्यानं राख बाजूला केली, वरची वाळलेली साल उचलली. बोटभर खाली गाळ थंड होता. ओला. त्यात आडवी गेलेली पांढरी, मनगटाएवढी जाड मुळं, एकात एक गुंतलेली. मी एकाला नख लावलं तर रस आला.

"वारा होता म्हणून आग वरूनच पळत गेली, मामाजी," मी सांगितलं. "आत उतरायला तिला वेळच मिळाला नाही. मुळं जित्ती आहेत."

बांधाजवळ मात्र एक खळगा होता, तिथं वर्षानुवर्षांचा पालापाचोळा साचून त्याचाच गाळ झालेला. तिथली जमीन आग विझल्यावरही आतून धुमसत राहिली होती. तिथली माती भाजलेल्या विटेसारखी लाल झाली होती आणि खळगा गुडघाभर खाली बसला होता. त्यात नख लावायला काही सापडलं नाही.

"एवढं सोडून द्या," मी म्हणाले. "बाकीचं आपोआप येईल. आपण काही करायचं नाही."

"काहीच नाई?"

"काहीच नाही."

मामाजींनी मान हलवली. तेवढ्यात चिमीनं माझ्या हातातला पांढरा मुळाचा तुकडा ओढून तोंडात घातला. तिच्या तोंडातून तो काढायला मला बराच वेळ लागला. चव तिला पटली होती. घरी येईपर्यंत ती रागावलेली होती आणि मामाजी गप्प होते. ते गप्प असण्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं. पण मला चिमीची हनुवटी पुसायची होती.

शेतकऱ्याला काहीच करू नका असं सांगितलं तर तो ते ऐकतो, पण ते त्याच्या मनात बसत नाही. मामाजी दोन-तीन दिवस ओट्यावर बसून राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, "काही न करता फक्त तन येते. पीक येत नाई." सासूबाई ज्वारी पाखडत होत्या, त्यांनी हूं म्हटलं. त्या रोज अशा पुष्कळ गोष्टींना हूं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी वखर काढला, बैल जुंपले आणि तळ्यात उतरले.

वखराची लांब लोखंडी पास जमिनीत बसते आणि वरचा थर खालून कापून उलटा करते. आमच्याकडं पेरणीआधी प्रत्येक शेत वखरतात. मामाजींच्या डोक्यात हिशेब सरळ होता. मुळं जित्ती आहेत असं सून म्हणाली. जित्त्या मुळाला हवा लागते. वरची राख खाली गेली तर खत होतं. तेव्हा जमीन भुसभुशीत करून दिली की कणसं दणकून येतील आणि शकूर पाहत राहील. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी अर्धं तळं वखरलं. शिवाय हात मोकळे राहू नयेत म्हणून मागं फिरून वर आलेली पांढरी मुळं वेचली आणि शेतातल्या काशा, म्हणजे तणाच्या चिवट मुळ्या, वेचून टाकतात तशी धुऱ्यावर नीट ढीग घालून ठेवली. बैल त्यांनी सावलीत बांधले. मुळं उन्हात होती.

दुपारी मी आणि सासूबाई भाकर घेऊन गेलो. तळ्याच्या काठावर सासूबाई थांबल्या. आधी वखरलेल्या तळ्याकडं पाहिलं. मग ढिगाकडं. मग मामाजींकडं, ते घामानं भिजलेले आणि फार दिवसांनी खूश दिसत होते.

"हे काय केलं?"

"वखरून देलं त्याले."

"उन्हाळ्यात वखर काऊन मारते माणूस?"

"काऊन म्हणजे? तनाच्या मुया उघड्या पडतात, उन्हानं वाळून मर..."

वाक्य तिथंच राहिलं. मामाजी खाली बसले. सासूबाईंनी भाकर सोडली, त्यांच्यापुढं ठेवली, वर कांदा फोडून ठेवला, आणि म्हणाल्या, "खाऊन घ्या. आता तं जे वाळाचं ते वाळलंच."

जी गोष्ट आगीला जमली नाही ती मामाजींनी अर्ध्या दिवसात करून दाखवली होती. 

तेवढ्यात शाहजादीचाची आल्या. त्या बकरी शोधत आल्या होत्या असं त्या म्हणाल्या. बकरी त्यांच्या मागंच उभी होती. त्यांनीही तळं पाहिलं, मग ढीग पाहिला, एक मूळ उचलून हातानं मोडून पाहिलं. ते आतून कापसासारखं कोरडं निघालं.

"तानुबाई," त्या म्हणाल्या, "आग लागली ते चुकीनं. ह्याले काय म्हणू?"

"प्रेमानं म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

चाची हसल्या नाहीत, पण खाली बसल्या. मग आम्ही तिघींनी ढीग उपसला. तळातली मुळं अजून ओलसर होती, ती टोपल्यात भरली आणि बांधाखाली जिथं थोडी ओल होती तिथं चिखलात दाबली. मामाजी टोपली द्यायला आले की चाची ती सासूबाईंकडून घ्यायच्या. त्यांच्या हातून घेत नव्हत्या. काम करता करता त्या सांगत होत्या की जालन्याच्या त्या इमारतीत लिफ्ट आहे, तिचं दार बंद झालं की त्यांचा जीव घाबरतो, आणि तिसऱ्या मजल्यावर विणायला पाय पसरायला जागा नाही.

"तं नका जाऊ," सासूबाई म्हणाल्या.

"ह्यांना सांगा. ते म्हनतात, कणसं नाई तर बसून काय करू. रोज रस्त्याकडं पाहात राहतात."

"आमचेबी तेच करतात. एकाच रस्त्याकडं."

"मग भेटत नाईत ते?"

"हे इकडून पाहातात, ते तिकडून."

शकूरचाचांना कुणी सांगितलं नाही, पण वखरलेलं तळं लपवता येत नाही. ते येऊन बांधावर उभे राहून गेले, हे सासूबाईंनी पाहिलं. चाचांनी घरी जाऊन सकलैनला फोन केला आणि दिवाळीनंतरच्या गाडीचं विचारून ठेव म्हणून सांगितलं. चाचींनी हे आम्हाला कुरडया टाकताना सांगितलं. त्या वर्षी आमच्या गच्चीवर त्यांची जुनीच चटई होती, मधून उसवलेली. चाचींनी बसल्या बसल्या ती सांधून दिली.

पाऊस यायच्या आधीच, ऐन उन्हात, न वखरलेल्या अर्ध्या भागात राखेतून हिरवे कोंब वर आले. भाल्यासारखे, टोकदार. काळ्या जमिनीवर ते इतके हिरवे दिसत होते की बैल कुंपण तोडून तिकडं जाऊ लागले आणि मामाजींनी तिथं काटेरी फांद्या लावल्या. दर सकाळी ते जाऊन पाहून यायचे. आल्यावर मला सांगायचे, "माह्या अर्ध्यात काहीच नाई." वखरलेल्या भागाला ते आता माझा अर्धा म्हणू लागले होते. जणू तो वाटणीत आला होता.

पावसाळा लागला, तळ्यात घोट्याएवढं पाणी साचलं. वखरलेल्या भागाच्या काठाला, जिथं चिखल उघडा होता, तिथं एक दिवस हिरवी साय धरल्यासारखं दिसलं. मी चिमीला घेऊन वाकून पाहिलं. पेरलेल्या मेथीसारखी दाट, केसासारखी बारीक रोपं. गाळात वर्षानुवर्षं पडून असलेलं बी. इतके दिवस वर पाणकणसाचं छप्पर होतं, त्याला ऊन दिसत नव्हतं. आता आगीनं छप्पर काढलं आणि मामाजींनी जमीन उलटी केली, तेव्हा त्या बियांना वाटलं असावं की आपल्याला बोलावलंय. त्यात लव्हाळा होता, ब्राह्मी होती, मला नावं न येणारं बरंच काही होतं. आणि मुळापासून नाही तर बियांपासून आलेलं पाणकणीसही होतं, बोटाएवढं. या वर्षी कापायला ते येणार नव्हतं. पण होतं.

मी हे मामाजींना सांगितलं. फार नीट सांगितलं, आणि शेवटी पुन्हा, काही करायचं नाही, असं दोनदा म्हणाले.

त्यांनी खरंच काही करायचं ठरवलं नव्हतं, यावर माझा विश्वास आहे. ते फक्त पाहायला गेले. पण ज्या माणसानं आयुष्यभर कपाशीतला लव्हाळा उपटला, त्याच्यासमोर लव्हाळा दिसल्यावर त्याचे हात त्याला विचारत नाहीत. मी चिमीला भात भरवून तिला घेऊन तिकडं गेले तेव्हा मामाजी धोतर खोचून चिखलात उकिडवे बसले होते आणि शेतातलं तण काढावं तसं तळं निंदत होते. त्यांच्या बाजूला उपटलेल्या रोपांची जुडी होती. बांधावर शकूरचाचा उभे होते. किती वेळचे उभे होते माहीत नाही.

मी काही बोलणार तेवढ्यात चाचाच बोलले. होळीनंतर पहिल्यांदा.

"ते लव्हाळा नाई."

मामाजींचा हात थांबला. त्यांनी मागं पाहिलं नाही.

"मंग काय हाय?"

"कणीस हाय. लव्हाळ्याचा दांडा तीन धारेचा राह्यते. बोटात फिरवून पाह्य."

मामाजींनी हातातलं रोप बोटात फिरवलं. ते सपाट होतं. त्यांनी जुडीतलं दुसरं फिरवलं. तेही सपाट. तिसरं फिरवलं नाही.

"सगळेच कणसं उपटले काय बे मी?"

"बहुतेक."

"तं आधी काऊन नाई सांगतलं?"

"बोलणं बंद होतं ना आपलं."

मामाजींनी एक रोप उचलून पुन्हा चिखलात खोचलं. ते आडवं पडलं. त्यांनी पुन्हा खोचलं. चाचांनी थोडा वेळ ते पाहिलं, चपला काढल्या, पायजमा वर केला आणि खाली उतरले.

"असं नाई. अंगठ्यानं भोक कर. मंग सोड. मंग बाजूनं दाब. कपाशी लावत नाईस तू."

"वाचतीन का?"

"तुह्या हातचे नाई वाचणार. माह्या हातचे वाचतीन काही."

दोघं शेजारी शेजारी बसून उपटलेलं परत लावत होते. चिमीनं माझ्या कडेवरून त्यांच्याकडं बोट केलं आणि काहीतरी लांबलचक बोलली. मी तिला घेऊन घरी आले. तिच्या आईला कधी कधी कळतं की कुठून निघून जायचं.

भादव्यात तळं भरलं. न वखरलेल्या बाजूला पाणकणीस आधीपेक्षा दाट आलं, नवं, एकसारखं उंच, जुन्या मेलेल्या पानांची अडगळच नाही. मामाजींच्या अर्ध्यात पाणी मोकळं होतं, मधे मधे रोपांचे ठिपके, काही चाचांच्या हातचे, एखाद-दोन बहुतेक मामाजींच्याही. बांधाजवळचा लाल खळगा सगळ्यात खोल राहिला. तिथं काही उगवलं नाही, पण तिथल्या पाण्यात पाणकोंबड्या पोहायला लागल्या आणि चिमी तिथं गेली की हलत नसे.

दिवाळीनंतर कापणी. सकलैनची गाडी ठरलेली होतीच, ती रद्द केलेली नव्हती. शकूरचाचा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पानं कापत होते, आणि मामाजी त्यांच्यामागं पेंढ्या बांधत होते. मामाजींना पाण्याची भीती आहे. हे मला लग्नानंतर त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते एका हातानं चाचांचा शर्ट धरून दुसऱ्या हातानं पेंढी बांधायचा प्रयत्न करत होते.

"शर्ट सोड बे."

"खाली घसरन हाय."

"खाली गाळ हाय. गाळात कोनी बुडत नाई."

"तू नाई बुडत. माह्यं वजन जास्त हाय."

"यंदा अर्धंच तळं हाय, शेषा," चाचा कापता कापता म्हणाले. "अर्ध्या तळ्यात अर्ध्याच चटया. मंग मी अर्धाच राहू का इथं? का अर्धा जालन्याले जाऊ?"

मामाजींनी पेंढी सोडून दोन्ही हातांनी शर्ट धरला.

काठावर शाहजादीचाची पानं पसरत होत्या आणि सासूबाई त्यांना सांगत होत्या की पसरायची कशी. चाची ऐकून घेत होत्या आणि आपल्या पद्धतीनं पसरत होत्या. तेवढ्यात चाचींच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावून तो पाण्याच्या दिशेनं उंच धरला.

"अब्बा," सकलैनचा आवाज आला. "गाडी इतवार को भेजूँ?"

चाचा कापायचे थांबले. सगळेच थांबले. चिमीनं एक ओलं पान फाडलं, त्याचा आवाज आला.

"नको पाठवू," चाचा ओरडून म्हणाले. "इथं काम हाय."

"आधा तालाब तो गया ना, अब्बा. क्या काम है?"

चाचांनी मागं वळून मामाजींकडं पाहिलं. मामाजींची पेंढी उलटी बांधलेली होती, शेंडे खाली, बुडखे वर, आणि दोरी त्यांच्याच मनगटाला गुंडाळली गेली होती.

"एक नवा मानूस लावला हाय," चाचा म्हणाले. "त्याले काहीच येत नाई. शिकवाले साल-दोन साल लागतीन."

"त्याले सांग," मामाजी म्हणाले, "जास्तबी लागू शकतात."